ठळक छापलेला आकडा आणि न झालेली तपासणी

सांगलीहून एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव अर्थातच देत नाही. पत्र थोडं आवरून, पण तिच्याच शब्दांत:

"डॉक्टर ताई, मी २३ वर्षांची आहे, एका पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या वर्षभरात पाळी सहाच वेळा आली. मध्ये दोन-अडीच महिने येत नाही आणि आली की आठ-दहा दिवस थांबत नाही. हनुवटीवर जाड केस येतात, दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग करावं लागतं. वजन ५२ किलो, उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे घरी कोणी मनावर घेतलं नाही. गेल्या महिन्यात ऑनलाइन पॅकेज घेतलं, मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. एएमएच ८.९ आलं, त्यापुढे ठळक 'एच'. एलएच-एफएसएचचं प्रमाण २.४, टेस्टोस्टेरॉन ६८, प्रोलॅक्टिन ३१, उपाशीपोटी साखर ९४, इन्शुलिन १७, एचबीएवनसी ५.८, थायरॉइड ठीक. आत्या म्हणाली, एएमएच बिघडलं की मूल होत नाही. घरात स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते, फाईल कपाटात ठेव, कुणाला दाखवू नकोस. धाकटी अकरावीत आहे, तिचंही रक्त तपासून घेऊ म्हणते. मला खरंच मूल होणार नाही का? कुठल्या गोळ्या घेऊ? सध्या केस गळतात म्हणून फक्त बायोटिन घेते. बाबांना डायबेटिस आहे. आईला धाकटीच्या वेळी शुगर निघाली होती."

सोबत रिपोर्टच्या पाच पानांचे फोटो आहेत.

अगं, आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. एएमएच ८.९ आलं म्हणून मूल होणार नाही, हे खोटं आहे. अंडाशयात बीजांडं छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये असतात, मोहरीएवढ्यापासून वाटाण्याएवढ्यापर्यंत. या पिशव्यांच्या अस्तरातल्या पेशी एएमएच हे हार्मोन तयार करतात. पिशव्या पुष्कळ तर एएमएच जास्त, आणि वय वाढतं तसं ते उतरत जातं. टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रांत ज्या बायका रिपोर्ट हातात घेऊन रडतात, त्यांचा हा आकडा कमी आलेला असतो. तुझ्याकडे बीजांडांचा साठा भरपूर आहे. अडलंय ते एवढंच, की दर महिन्याला त्यातलं एक वाढून बाहेर पडायला हवं, ते पडत नाही. एएमएच फार असलं की ते त्या वाढीला थोडा आवरही घालतं. पण तुला मूल हवं असेल त्या वेळी बीजांड बाहेर पडायला मदत करणारी औषधं आहेत. लेट्रोझोल हे त्यातलं पहिलं, पाळीच्या सुरुवातीला साधारण पाच दिवस घ्यायचं. तुझं चित्र पीसीओएसचं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचं दिसतं, आणि तो असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं, काहींना काहीही औषध न घेता. आत्याला हा परिच्छेद वाचायला दे.

आता रिपोर्टकडे. मी पस्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. त्या 'एच'ने घाबरलेल्या मुली आणि त्यांच्या आया मी इतक्या पाहिल्या आहेत की, तुझं पत्र वाचताना समोर काउंटरच दिसू लागला. एकदा एका आईने मला हात जोडून विचारलं होतं, "मॅडम, ती एक ओळ वगळून छापता येईल का?" ती एएमएचचीच ओळ होती. मी रिपोर्ट बदलला नाही, पण त्या दोघींना आत बोलावून बसवलं आणि अर्धा तास बोलले. ते अर्धा तासाचं बोलणं तुझ्या पॅकेजमध्ये नव्हतं. 'एच' छापणाऱ्या संगणकाला इतकंच ठाऊक असतं की आकडा छापलेल्या मर्यादेच्या वर आहे. तुझी पाळी कधी येते, हनुवटीवर काय आहे, वडिलांना काय आहे, यातलं त्याला काहीच माहीत नसतं.

आणि निदानाची सुरुवात होते ती याच गोष्टींपासून. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही थोड्या फरकाने चालतात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण (अंगावर किंवा रक्तात), आणि सोनोग्राफीत पिशव्यांची गर्दी. तीनपैकी दोन पुरतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली जे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आलं, त्यात प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीच्या जागी एएमएच चालेल असं म्हटलं आहे. पण पहिल्या दोन गोष्टी असतील तर सोनोग्राफीही नको आणि एएमएचही नको, हेही त्यातच आहे. तुझं बघ. वर्षात सहा पाळ्या, म्हणजे आठपेक्षा कमी. हनुवटीवर जाड केस. सुई टोचायच्या आधीच दोन गोष्टी तुझ्याकडे होत्या. ज्या आकड्याने घरची झोप उडवली, त्याची तुझ्या निदानाला गरजच नव्हती. एलएच आणि एफएसएच या अंडाशय चालवणाऱ्या दोन हार्मोनच्या प्रमाणाचंही तेच. माझ्या उमेदीच्या काळात त्याला फार महत्त्व होतं, आता निदानात ते धरत नाहीत. ती ओळ विसरून जा.

मग रक्त तपासायचंच कशाला? पहिलं कारण, पीसीओएससारखं दिसणारं पण वेगळंच काही असेल तर ते बाजूला काढायला. थायरॉइड ठीक आहे, एक झालं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, ३१ आहे, किंचित वर. सुईच्या धास्तीनेही ते एवढं चढतं. झोपेतून उठल्या उठल्या रक्त दिलं तरी वर दिसतं. आणि ॲसिडिटीच्या ज्या गोळीत डॉम्पेरिडोन असतं, ती घेतली असेल तर हमखास चढतं. बायोटिनशिवाय काही घेत नाहीस असं लिहिलंयस, पण बायका ॲसिडिटीच्या गोळीला औषधात धरतच नाहीत, म्हणून विचारते. सकाळी लॅबमध्ये अर्धा तास शांत बसून हे पुन्हा तपासायचं.

तिसरी तपासणी तुझ्या पाचही पानांत नाही, ती १७-ओएचपी. किडनीच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत जन्मापासून एका एन्झाइमची कमतरता असेल तरी पाळी लांबते आणि हनुवटीवर केस येतात, अगदी असंच चित्र दिसतं. तिथे उपचार वेगळे, आणि दोष आई-वडील दोघांकडून आलेला असतो म्हणून पुढे मुलांचाही विचार करावा लागतो. ही तपासणी पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी लवकर करायची. पाळी येतच नसेल तर कधी करायची ते डॉक्टर ठरवतील.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, त्याच्या ६८ वर मला थोडं थांबायचंय, कारण इथे तुझ्या केसांच्या गोळ्या आड येतात. पुष्कळ कंपन्यांच्या किटमध्ये बायोटिन हेच डिंकासारखं वापरलेलं असतं, त्याच्या आधाराने तपासणीतले रेणू धरून ठेवले जातात. तुझ्या रक्तात आधीच गोळ्यांतून आलेलं भरपूर बायोटिन असेल तर ते जाऊन त्या जागा अडवतं. मग मशीन टेस्टोस्टेरॉन आहे त्याहून जास्त दाखवतं. थायरॉइडसाठीचं टीएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन यांची पद्धत उलटी असल्याने ते आहेत त्याहून कमी दाखवतं. केसांच्या गोळ्यांत बायोटिन बहुधा १० मिलिग्रॅम असतं, आणि शरीराची रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. रक्त न्यायला आलेल्या मुलाने "काही गोळ्या चालू आहेत का" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. आता निदान तीन दिवस आधी त्या बंद कर आणि मग रक्त दे. थायरॉइडही त्याच वेळी पुन्हा बघून घे, "ठीक" म्हणून सोडू नकोस.

याच नळीत आणखी एक तपासणी करून घे, एसएचबीजी. हे यकृतात तयार होणारं प्रोटीन. टेस्टोस्टेरॉन त्याला चिकटून रक्तात फिरतं, आणि चिकटलेलं असेपर्यंत फारसं काही करू शकत नाही. जे मोकळं राहतं तेच केस आणि मुरुमं आणतं. इन्शुलिन वाढलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं, मग एकूण टेस्टोस्टेरॉन बेताचं असूनही मोकळं जास्त होतं. दोन्ही आकडे मिळाले की डॉक्टर त्यावरून निर्देशांक काढतात. आणखी एक खरं सांगते. स्त्रियांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या निदान दहा पटींनी कमी असतं, आणि इतक्या कमी पातळीला नेहमीची मशीन्स चुकतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखून केलेली तपासणी जास्त भरवशाची. तुझ्या शहरात सोय असेल किंवा सॅम्पल बाहेर पाठवत असतील तर तीच माग. आकडा दीडशे-दोनशेच्या पुढे गेला, आवाज घोगरा होऊ लागला किंवा दोन-चार महिन्यांत केस झपाट्याने वाढले, तर गाठ आहे का हे तातडीने बघावं लागतं. तुझं तसं काही नाही. आणि हो, पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या तू घेत नाहीस हे बरं आहे. त्या घेत असतानाचे टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी यांचे आकडे वाचता येत नाहीत, तीन महिने थांबावं लागतं.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसले ते. तुझ्या चौथ्या पानावर हिमोग्लोबिन आहे, ९.६. पुढे बारीक 'एल'. त्याबद्दल पत्रात एक शब्द नाही, कारण घरात कोणी ते पान वाचलेलंच नाही. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. दोन-अडीच महिने पाळी न येता गर्भाशयाचं अस्तर साचत राहतं, आणि मग ते आठ-दहा दिवस जात राहतं. रक्त तिथून जातंय. जिने चढताना दम लागतो का, संध्याकाळी पाय ओढत घरी येतेस का? आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेतेस, पण केस गळायला लोहाची कमतरता हे केवढं मोठं कारण आहे! फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घे. लोहाच्या गोळ्यांनी तुझ्या केसांना त्या बायोटिनपेक्षा जास्त फायदा होईल असं मला वाटतं. तीन महिने पाळी आली नाही तर यापुढे वाट बघत बसायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन ती आणायची. साचलेलं अस्तर वर्षानुवर्षं तसंच राहू देणं धोक्याचं असतं, गर्भाशयाच्या कॅन्सरपर्यंत ते जाऊ शकतं.

हिमोग्लोबिन कमी असण्याचा संबंध साखरेच्या आकड्याशीही आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.८ आहे, कागदावर डायबेटिसच्या उंबरठ्यावर. पण लोह कमी असलं की हा आकडा खोटाच थोडा वर जातो. म्हणजे त्यावर घाबरायचं नाही आणि विसंबायचंही नाही. उपाशीपोटी साखर ९४ चांगली दिसते. पण रक्त करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं होतं का? त्या ट्यूबमधलं फ्लोराइड रक्तपेशींना साखर खाण्यापासून आवरतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच राहिलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर पेशीच संपवतात. सकाळी सातला तुझ्याकडून घेतलेलं रक्त स्कूटरच्या बॅगेत दहा घरं फिरून लॅबमध्ये पोचलं असेल, तर ९४ हा आकडा मी छातीठोकपणे स्वीकारणार नाही. इन्शुलिन १७ वरून इन्शुलिन नीट काम करत नसावं असं वाटतं. पण इन्शुलिनची तपासणी लॅबगणिक बदलते, रोजच्या वापरासाठी ती सुचवतही नाहीत. त्यावर पुन्हा पैसे घालू नकोस.

तुला हवी आहे ती ग्लुकोजची दोन तासांची तपासणी, जीटीटी. २०२३ च्या मार्गदर्शनात पीसीओएसचं निदान झालं की वजन कितीही असो, ही करा असं सांगितलं आहे, आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा. एएमएच, एलएच, इन्शुलिन सगळं झालं आणि ही एवढी साधी, स्वस्त तपासणी राहिली, कारण दोन तास बसून राहणं घरी रक्त न्यायला आलेल्या मुलाला परवडत नाही.

तू म्हणशील, मी तर बारीक आहे. उंचीच्या मानाने वजन सांगणारा तुझा बीएमआय २१, म्हणजे तक्त्यात अगदी उत्तम. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला काटक आणि आतून चरबी बाळगणारी, हे याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. म्हणून काट्यावर समाधान मानू नकोस. शिंप्याची टेप घे, श्वास सोडून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोट मोज. ८० सेंटिमीटर किंवा जास्त भरलं तर डॉक्टरांना सांग. केस वर बांधून आईला मानेची मागची बाजू बघायला सांग. तिथे काळपट, मखमलीसारखा पट्टा आला असेल तर तो घासून जाणारा मळ नव्हे, वाढलेल्या इन्शुलिनची ती खूण असते.

इन्शुलिन इतकं महत्त्वाचं का, तेही सांगते. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची अंडाशयं बघून या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून नाव अंडाशयाला चिकटलं. त्यांना दिसल्या त्या गाठीही खरं तर गाठी नाहीत, अडकून पडलेल्या त्याच पिशव्या. वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, यकृताचं एसएचबीजी उतरवतं, आणि त्या गडबडीत बीजांड अर्ध्यावर थांबतं. तुझ्या हनुवटीवरचे केस आणि बाबांचा डायबेटिस हे एकाच घरातले पाहुणे आहेत.

गोळ्या कुठल्या घेऊ, हे विचारलंस. सदरातून औषध लिहून देणार नाही. मेटफॉर्मिन, हार्मोनच्या गोळ्या, केसांसाठीची वेगळी गोळी, यातलं तुला काय लागेल हे या तपासण्यांनंतर समोर बसलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, ग्लुकोजच्या तपासणीत काही निघालं तर फिजिशियनही. सिव्हिलमध्ये गेलीस तरी चालेल. जाताना पाच पानांच्या वर एक साधा कागद ठेव: गेल्या बारा महिन्यांत पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस राहिली. मोबाइलमध्ये शोधून काढ, थ्रेडिंगच्या तारखा आठवून काढ, पण तो कागद कर. डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोच वाचायला हवा. भाकरी-भात सोडण्याच्या फंदात पडू नकोस, ९.६ हिमोग्लोबिनवर उपास तर मुळीच नको. रोज जेवणानंतर चाल, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम कर.

धाकटीचं रक्त तपासू नका. किशोरवयीन मुलींमध्ये एएमएच निदानाला वापरायचंच नाही असा स्पष्ट सल्ला आहे, कारण त्या वयात ते एरवीही जास्त असतं. अकरावीतल्या मुलीच्या हातात विनाकारण एक 'एच' द्यायचा आणि तिलाही रात्रभर जागवायचं, हे मला सहन होत नाही. तिची पाळी कशी येते ते विचारा, तारखा लिहायला लावा, बास.

आणि कपाटातली फाईल. आईवर चिडू नकोस, तिची भीती खरी आहे. पण मला विचारशील तर लपवून लग्न करू नये. मुलाकडच्यांच्या हातात पाच पानं ठेवायचीही गरज नाही, ती त्यांना तुझ्या आत्यापेक्षा जास्त समजणार नाहीत. ज्या मुलाशी जमेल असं वाटेल त्याला तू स्वतः, त्याच्याशी एकटीने बोलताना सांग: माझी पाळी अनियमित असते, उपचार चालू आहेत, मूल हवं असेल तेव्हा कदाचित औषध लागेल. एवढ्या वाक्यानंतर जो उठून जाईल त्याचा विचार करत बसू नकोस.

शेवटी त्या दोन तासांच्या जीटीटीबद्दल. आधीचे तीन दिवस रोजच्यासारखं पोटभर जेव, भात-भाकरी कमी केलीस तर आकडा चुकीचा वर येतो. रात्री जेवलीस की सकाळपर्यंत फक्त पाणी. लॅबमध्ये पहिलं रक्त देशील, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला देतील. गुळचट लागतं, मळमळेल, घोट घोट घे पण संपव. उलटी झाली तर सांग, लपवू नकोस. मग दोन तास एका जागी बसायचं, चहा नाही, फेरफटका नाही. जेवून दोन तासांनी केलेली शुगर म्हणजे ही तपासणी नव्हे, कोणी तसं म्हणालं तर ऐकू नकोस. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत हवा, २०० किंवा वर म्हणजे डायबेटिस.

आईला सोबत ने, आणि तिचीही तपासणी त्याच दिवशी कर. धाकटीच्या वेळी शुगर निघाली होती म्हणतेस, त्यानंतर सोळा-सतरा वर्षांत ती कधी बघितली का, ते तू लिहिलेलं नाहीस. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे डायबेटिस होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. "मला काय झालंय" म्हणेल. तरी ने. दोघी शेजारी बसा, आणि निघताना डबा घेऊन जा, दुसरं रक्त दिलं की दोघींनाही सडकून भूक लागलेली असेल.